'नॅचरल' आहे, मग टेन्शन कशाला?

गांजाची पुडी आणि डोळ्यांच्या कॅप्सूल. दोन्हींमागे फंडा एकच. पण तो कितपत खरा?

शिरूरचा माझा एक मित्र रांजणगाव एमआयडीसीत कामाला. नाईट संपली की एक 'भरलेली' सिगारेट, मग झोप. "अरे, झाडपाला आहे, नॅचरल!" हा ठरलेला डायलॉग. खरं सांगते, मलाही तो पटायचा.

मग एका पावसाळ्यात तो म्हणाला, "सुपरवायझरने माझ्या मोबाइलमध्ये कॅमेरा लावलाय." झोप उडाली, जेवण सुटलं. काकूंना वाटलं, बाहेरचं काहीतरी लागलंय. देवऋषी झाला, अंगारे-धुपारे झाले. सायकिअ‍ॅट्रिस्टकडे पोहोचायला दीड महिना गेला.

नशा आणणारा घटक म्हणजे टीएचसी. अमेरिकेत जप्त झालेल्या मालात तो १९९५ मध्ये साधारण ४ टक्के होता, २०१४ मध्ये १२ टक्के. म्हणजे गांजा तोच, पण डोस तिप्पट! युरोप आणि ब्राझीलमधला २०१९ चा अभ्यास सांगतो, १० टक्के किंवा त्याहून स्ट्राँग माल रोज ओढणाऱ्यांत सायकोसिसची शक्यता कधीच न ओढणाऱ्यांपेक्षा जवळपास पाचपट. प्रत्येकाला होतोच असं नाही. पण कमी वयात सुरुवात केली किंवा घरात कुणाला असा आजार असेल, तर धोका जास्त.

आता कॅप्सूल. दौंड-पुणे अप-डाउन करणाऱ्या आमच्या मैत्रिणीने त्याला स्वतःची बाटली दिली होती. "डोळे लाल दिसतात तुझे. घे, नॅचरल आहे!" मी लेबल वाचलं: बीटा-कॅरोटिन. सिगारेट ओढणाऱ्यांत यानेच फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. म्हणूनच २०१३ च्या 'एआरईडीएस-२' अभ्यासात त्याच्या जागी ल्युटिन आणि झियाझँथिन वापरून पाहिलं. आणि आमचा हिरो तर तंबाखूत मिसळूनच ओढायचा!

लक्षात ठेवा

- तो फॉर्म्युला वयोमानाने पडदा झिजलेल्या पेशंटसाठी आहे, कॉम्प्युटरने थकलेल्या डोळ्यांसाठी नाही. आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा.
- स्क्रीनसमोर असाल तर दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघा. एकदम फुकट!
- लेबलवर एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर बघा. पण तो असला म्हणजे गुण येईलच असं नाही.
- विनाकारण संशय, कानात आवाज, उडालेली झोप? थेट सायकिअ‍ॅट्रिस्ट गाठा. टेली-मानसचा १४४१६ हा फ्री नंबर चोवीस तास चालू असतो.

मित्र आता गोळ्यांवर आहे, डे शिफ्टला जातो. परवा भेटलो तेव्हा छान गप्पा मारल्या. फक्त चहा येण्याआधी हळूच म्हणाला, "तुझा मोबाइल जरा उलटा ठेव ना."

मी ठेवला.