लघुरणक्रीडेतील घरचे नियम

बुद्धिबळ हे पटावर मांडलेले लहानसे युद्धच होय. आणि त्याचे नियम सर्वत्र एकच असे कधीही नव्हते. जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीतही एकच घर पुढे जाई. शह बसण्यापूर्वी राजाला एकदा घोड्याची चाल चालता येई. शेवटच्या घरात पोचलेले प्यादे सामान्यतः त्या पट्टीच्या मूळ मोहऱ्याचे रूप घेई. आंतरराष्ट्रीय पद्धतीत या तिन्ही गोष्टी निराळ्या आहेत. समजा, अल्लीपूरच्या एखाद्या ओसरीवर देशी पद्धतीचा खेळाडू परगावच्या पाहुण्यासमोर बसला, तर राजा घोड्यासारखा चालणार की नाही, हे डाव मांडतानाच ठरले पाहिजे. शह बसण्याच्या बेतात असताना तोच प्रश्न निघाला, तर त्याचे उत्तर नियम राहत नाही. ती एका पक्षाची सोय होते.

प्रतिमांच्या साह्याने खेळावयाच्या रणक्रीडेत हा प्रश्न अधिक बिकट होतो, कारण तेथे घरे आखलेली नसतात. प्रशियात राइसवित्झ याने १८२४ साली नकाशा, फासे आणि पंच यांवर आधारलेला युद्धखेळ सिद्ध केला. पुढे १८७६ साली व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ याने नियमांचे जंजाळ दूर सारून अनुभवी पंचाच्या निर्णयावर भर दिला. एच. जी. वेल्स याने १९१३ साली खेळण्यातील शिपायांसाठी सुटसुटीत नियम प्रसिद्ध केले. गायगॅक्स आणि पेरेन यांच्या १९७१ च्या नियमावलीत जादूगार व अग्निसर्प अवतरले, आणि अद्भुत रणक्रीडेचा पाया घातला गेला. अद्भुताची यादी कधीच पुरी होत नसल्यामुळे घरच्या नियमांची गरज येथे अटळ ठरते. विदर्भातील खेळाडूला वेताळ किंवा तान्ह्या पोळ्याचा लाकडी नंदी रणात उतरवावासा वाटला, तर त्याचे बळ छापील नियमांत सापडणार नाही.

असे बळ ठरविताना गणिताची कसोटी लावणे इष्ट होय. फाशावर ४, ५ किंवा ६ पडल्यास वार लागतो असे मानू. १२ सैनिकांच्या १२ फाशांत सरासरी ६ वार लागतील. टेकडीवरून लढणाऱ्यास फाशावर एकाची भर दिली, तर सरासरी ८ होते. मंत्रभारित शस्त्रासाठी आणखी एक दिल्यास १०. आणि वेताळाच्या साह्याबद्दल तिसरी भर पडताच १२. म्हणजे प्रत्येक वार निश्चित झाला व फासा निरर्थक ठरला. एकेक सवलत निर्दोष असूनही त्यांची बेरीज खेळ मारते. फाशावर मूळचा १ पडल्यास वार नेहमी चुकतो, एवढा एकच नियम केला तरी सरासरी १० च्या पुढे जात नाही.

दुसरी कसोटी समतेची. टेकडी दोन्ही सैन्यांना गाठता येते, म्हणून तिच्या लाभाचे मोल वेगळे आकारण्याचे कारण नाही. वेताळ मात्र एकाच पक्षाकडे असतो. त्याच्यामुळे वार ६ चे ८ होत असतील, तर त्या तुकडीचा मारा एकतृतीयांशाने वाढला. सैन्याची किंमत ठरविताना तितके गुण अधिक धरले पाहिजेत.

तथापि, गणित अचूक असूनही वाद उद्भवू शकतो. म्हणून नियम खेळापूर्वी लिहून ठेवावा, मध्येच अडचण आल्यास फाशाने तात्पुरता निर्णय घ्यावा, आणि कायमचा बदल डाव संपल्यावरच करावा. हरलेल्या खेळाडूला पुढच्या डावास बसावेसे वाटणे, हीच घरच्या नियमाची अखेरची परीक्षा होय.