बीमचा बॅलन: आधी गुणोत्तर, मग वेढे

ग्वाल्हेरच्या लष्कर विभागातला दौलतगंज हा जुना, दाट वस्तीचा भाग. १८१०च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी इथे तळ ठोकला, तळाचे शहर झाले आणि मराठी कुटुंबे इथे रुजली. भिंतीला भिंत, गच्चीला गच्ची. अशा ठिकाणी एखाद्या हौशी रेडिओ ऑपरेटरला अनेक बँडवर चालणारी बीम अँटेना उभारायची असेल, तर तो जागा मोजतो, वाऱ्याचा अंदाज घेतो, शेजाऱ्यांशी बोलून ठेवतो. केबल आणि अँटेना यांच्या सांध्यावर बसणारा बॅलन मात्र शेवटी आठवतो आणि हाताला लागेल तो लावला जातो. चांगल्या बीमवरची मेहनत वाया जाते ती इथे.

या छंदाचे मध्य प्रदेशाशी जुने नाते आहे. महूच्या स्कूल ऑफ सिग्नल्समध्ये १५ मे १९४८ रोजी अमॅच्युअर रेडिओ क्लब ऑफ इंडिया सुरू झाला. त्याचे मुख्यालय पुढे दिल्लीला गेले आणि १९५४मध्ये त्याचीच अमॅच्युअर रेडिओ सोसायटी ऑफ इंडिया झाली. आज बारा वर्षांवरील कोणालाही परीक्षा देऊन परवाना मिळवता येतो.

आता बॅलन नेमके काय करतो ते पाहू. रेडिओपासून अँटेनापर्यंत जाणाऱ्या कोअॅक्स केबलमध्ये प्रवाहाच्या दोन वाटा ठरलेल्या असतात: मधली तार आणि तिच्याभोवतीच्या जाळीची आतली बाजू. पण उच्च वारंवारतेचा प्रवाह धातूच्या पृष्ठभागालगतच वाहतो, त्यामुळे त्याच जाळीची बाहेरची बाजू ही तिसरी, स्वतंत्र वाट ठरते. बीमच्या मधल्या दांड्याचे दोन्ही अर्धे भाग सारखे, केबल मात्र एकतर्फी. हा सांधा नुसता जोडून दिला, की काही प्रवाह बाहेरच्या वाटेने खाली उतरतो. बॅलनने तो अडवायचा असतो.

अडवला नाही, तर केबलच अँटेना होऊन बसते. बीम घेतलेली असते एका दिशेला जोर मिळावा आणि मागचा गोंगाट दबावा म्हणून. तोच गुण कमी होतो. दौलतगंजासारख्या वस्तीत केबल घराच्या भिंतीवरून, विजेच्या तारांजवळून खाली येते. एलईडी दिवे, इन्व्हर्टर, मोबाइलचे चार्जर यांचा खरखराट जाळीच्या बाहेरून वर चढतो आणि सांध्यापाशी आत शिरून थेट रिसीव्हरमध्ये येतो. उलट बोलताना शेजारच्या स्पीकरमधून आपला आवाज उमटू लागतो. शेजारधर्म टिकवायचा असेल, तर बॅलनवर खर्च करणे हा शहाणपणाचा सौदा आहे.

निवडीची सुरुवात गुणोत्तरापासून, म्हणजे बॅलनच्या दोन बाजूंना दिसणाऱ्या ओहमच्या प्रमाणापासून, करावी. १४, २१ आणि २८ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या ट्रॅपवाल्या तीन-बँडी बीम बहुधा ५० ओहमसाठीच आखलेल्या असतात. पाच बँडांची हेक्सबीमही तशीच. केंद्रापासून सव्वातीन-साडेतीन मीटरच्या घेरात ती फिरते, म्हणून लहान गच्चीला ती विशेष सोयीची. ब्रिटनच्या स्टीव्ह हंट यांनी तिचा रुंद पट्ट्याचा आराखडा विकसित केला. अशा अँटेनांना एकास एक बॅलन हवा. 'मोठे गुणोत्तर म्हणजे चांगले' असे समजून चारास एक लावला, तर ५० ओहमचे रेडिओच्या बाजूला साडेबारा ओहम दिसतात आणि एसडब्ल्यूआर, म्हणजे केबल आणि अँटेना किती जुळतात याचे माप, आदर्श एकावरून चारावर जातो. चारास एक लागतो तो २०० ओहमच्या आसपास आखलेल्या काही लॉग-पिरिऑडिक अँटेनांना. म्हणून अँटेनासोबतची पुस्तिका आधी वाचावी.

दुसरा प्रश्न प्रकाराचा. गुस्ताव ग्वानेला यांनी १९४४मध्ये मांडलेली रचना दोन्ही बाजूंचे प्रवाह सारखे राखते. १९५९मध्ये रुथ्रॉफ यांनी मांडलेल्या रचनेत भर व्होल्टेज सारखे राखण्यावर आहे. गच्चीवरची बीम कागदावरच्यासारखी काटेकोर समतोल नसते, एका बाजूला टाकी, दुसऱ्या बाजूला लोखंडी कठडा. तिथे प्रवाह सांभाळणारा बॅलनच घ्यावा.

केबलचीच पाच-सहा वेढ्यांची गुंडाळी करून काम भागवणारे बरेच आहेत. ती स्वस्त पडते, पण एका ठरावीक पट्ट्यातच नीट अडवते. बाकीच्या बँडवर तिचा विरोध मुख्यतः प्रेरकीय किंवा धारकीय असतो. केबलच्या बाहेरच्या वाटेचा गुण त्याच्या उलट निघाला, तर दोघे एकमेकांना खोडतात आणि प्रवाह वाढतोसुद्धा. अनेक बँडच्या बीमला म्हणून फेराइटचे कडे बरे. साधारण ६१ मिलिमीटर व्यासाचे, ३१ किंवा ४३ क्रमांकाच्या मिश्रणाचे कडे आणि त्यावर बारीक कोअॅक्सचे डझनभर वेढे, ही १४ ते २८ मेगाहर्ट्झसाठी रुळलेली जोडी. तिचा विरोध बराचसा रोधकीय असतो, त्यामुळे तो असा खोडला जात नाही. पूर्वी ५०० ओहम पुरेसे मानत. अमेरिकेतले जिम ब्राऊन यांनी ५,००० ओहमचे लक्ष्य धरायला सांगितले आणि गोंगाटाच्या वस्तीत ते पटण्याजोगे आहे.

मग शक्ती आणि ऊन. आपल्याकडे परवान्याच्या प्रतिबंधित श्रेणीला ५० वॅट, सर्वसाधारण श्रेणीला ४०० वॅटपर्यंत परवानगी. ५० वॅटला साधी बारीक केबल चालते. ४०० वॅटला टेफ्लॉनचे आवरण असलेली आरजी-४०० घ्यावी. ग्वाल्हेरचा पारा उन्हाळ्यात पंचेचाळिशी ओलांडतो, बॅलनच्या बंद काळ्या डबीत तो आणखी चढतो, आणि फोमची केबल घट्ट वळवली तर मधली तार मऊ झालेल्या फोममधून सरकते. डबी फिकट रंगाची असावी, पाणी निथळायला खाली बारीक भोक असावे, सांध्यावर स्वतःला चिकटणारी रबरी पट्टी गुंडाळावी.

बॅलन बसवायचा तो अँटेनाच्या सांध्यालगतच. बसवल्यावर नॅनोव्हीएनए हे छोटे मोजयंत्र लावून प्रत्येक बँडवरचे आकडे टिपावेत आणि मग कोणाला तरी खाली लोंबणारी केबल हाताने धरायला, थोडी हलवायला सांगावे. आकडे जागचे हलले नाहीत, तर बाहेरची वाट बंद झाली असे समजायला हरकत नाही. हलले, तर रेडिओच्या टोकाला आणखी एक तसेच कडे घालून पुन्हा तपासावे.