बिघडविण्याची मुभा असलेले यंत्र

आपल्या शाळेचे काही माजी विद्यार्थी आज संगणक क्षेत्रात काम करीत आहेत. त्यांच्यापैकी एखाद्याच्या घरी गेल्यास कपाटाशेजारी एक लहानसा काळा डबा अहोरात्र चालू असलेला दिसतो. त्याला पडदा नसतो, कळफलक नसतो. ‘हा कशासाठी?’ या वडीलधाऱ्यांच्या प्रश्नाला मिळणारे उत्तर बहुधा कोणाचेच समाधान करीत नाही. हौशी मंडळी या मांडणीला ‘होम लॅब’ म्हणतात.

बँकेचे व्यवहार, रेल्वेचे आरक्षण, परीक्षांचे निकाल ही कामे दूर कोठेतरी ठेवलेल्या सर्व्हरवर चालतात. सर्व्हर म्हणजे इतर संगणकांच्या मागणीला उत्तर देणारा संगणक. महाविद्यालयात त्याची माहिती पुस्तकातून मिळते. नोकरीत मात्र चालता सर्व्हर नवख्याच्या हाती कोणी देत नाही, आणि ते योग्यच आहे. एका चुकीच्या आज्ञेने हजारो लोकांचे काम अडू शकते. मग हात बसावा कसा? घरचा सर्व्हर बिघडला तर फार तर आपली एक रात्र जाते. ‘प्रॉक्समॉक्स’सारखी विनामूल्य प्रणाली बसविली की एकाच यंत्रात चार-पाच आभासी संगणक उभे करता येतात. प्रयोगापूर्वी त्यांची त्या क्षणाची स्थिती नोंदवून ठेवावी, प्रयोग फसला की पुन्हा तेथे परतावे. मी लिनक्स असाच शिकलो, बहुतांशी चुका करीत.

यासाठी नवे यंत्र लागत नाही. कार्यालयातून बाद झालेला छोटा डेस्कटॉप, ८ किंवा १६ जीबी मेमरी आणि एक एसएसडी एवढ्यावर आरंभ होतो. केंब्रिजमध्ये मुलांनी संगणक शिकावा म्हणून तयार झालेला, २०१२ साली बाजारात आलेला तळहाताएवढा ‘रास्पबेरी पाय’ही लहान कामांना पुरतो. मोह होतो तो जुन्या, अवजड रॅक सर्व्हरचा. तेथे पालकांनी अवश्य हिशेब विचारावा. सतत २०० वॅट घेणारे यंत्र दिवसाला ४.८ युनिट, म्हणजे ३० दिवसांत १४४ युनिट वीज खाते. २० वॅटचा डेस्कटॉप त्याच काळात साडेचौदा युनिटांच्या आत राहतो. शिवाय रॅक सर्व्हरच्या पंख्यांचा आवाज दोन खोल्यांच्या घरात कोणाला झोपू देत नाही.

आता एक स्वतःची चूक सांगतो. वसतिगृहातील आमच्या तुकडीची जुनी छायाचित्रे मी स्कॅन करून घरच्या सर्व्हरवर ठेवली होती. दोन डिस्क बसवून दोहोंवर एकच मजकूर एकाच वेळी लिहिला जाईल, अशी ‘मिररिंग’ची व्यवस्था केली आणि निश्चिंत झालो. एके रात्री साफसफाई करताना भलताच फोल्डर पुसला. मिररिंगने आपले काम इमानाने केले : तो दोन्ही डिस्कवरून त्याच क्षणी गेला! डिस्क निकामी झाली तर ही व्यवस्था वाचविते. माणसाच्या हातून वाचवीत नाही. मूळ प्रती तोवर ज्याच्या त्याच्या घरी परत गेल्या होत्या. एका मित्राच्या पेनड्राइव्हवरून निम्मी छायाचित्रे मिळाली, उरलेली मिळाली नाहीत. जाणकारांचा नियम असा की, प्रती तीन असाव्यात, त्या दोन प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि एक घराबाहेर असावी. ठेवलेली प्रत खरोखर उघडते का, हेही अधूनमधून पाहावे. आणखी एक पथ्य : घरचा सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा ठेवू नये. बाहेरून पोहोचायचे असल्यास ‘वायरगार्ड’सारखा कूटबद्ध मार्ग वापरावा.

ही विद्या एकट्याने फार पुढे जात नाही. ५ मार्च १९७५ रोजी कॅलिफोर्नियातील मेनलो पार्क येथे गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ची पहिली बैठक झाली. तेथे आलेल्या स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी पुढे ‘अॅपल-१’ची रचना केली आणि तिच्या आराखड्याच्या प्रती सभासदांना फुकट वाटल्या. ब्रुसेल्समध्ये दरवर्षी भरणाऱ्या ‘फॉसडेम’ या मुक्त सॉफ्टवेअरच्या मेळाव्यालाही प्रवेशशुल्क नसते, आणि तेथील व्याख्यानांची चित्रीकरणे घरबसल्या पाहता येतात.

आपल्या स्नेहमेळाव्यातही एक टेबल यासाठी मांडता येईल. ज्यांच्याकडे वापरात नसलेला संगणक असेल, त्यांनी तो वायर आणि स्क्रू-ड्रायव्हरसह आणावा. झाकण वसतिगृहातील मुलांनाच उघडू द्यावे.