स्मरणशक्तीची गोळी खरंच काम करते का?

परीक्षा जवळ आली की मुलांसाठी, आणि विसरभोळेपणा वाढला की दादा-दादींसाठी, घरात 'बुद्धिवर्धक' बाटली येते. महिन्याभराने अम्मी म्हणतात, "फरक पडला हं!" पण तो गोळीमुळे पडला, पुरेशा झोपेमुळे, की नुसत्या भरवशामुळे? हे ओळखायचं कसं?

शास्त्रज्ञ सुरुवातीला असं धरून चालतात की औषधाचा काहीच परिणाम होत नाही. याला 'शून्य गृहीतक' म्हणतात. कोर्टात गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष, तसं पुरावा मिळेपर्यंत औषध निष्प्रभ. सिद्ध करण्याची जबाबदारी औषधावर.

जिंको या चिनी झाडाच्या पानांचा अर्क स्मरणशक्तीसाठी जगभर विकला जातो. अमेरिकेत ७५ वर्षे व त्यावरील ३,०६९ जणांवर त्याची कसोटी झाली. चिठ्ठी टाकावी तसे त्यांचे दोन गट केले. १,५४५ जणांना रोज दोनदा १२० मिलिग्रॅम जिंको दिलं, तर १,५२४ जणांना तशीच दिसणारी, औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतंय, हे घेणाऱ्याला माहीत नव्हतं आणि तपासणाऱ्यालाही नाही. त्यामुळे भरवशाचा परिणाम दोन्हीकडे सारखाच राहिला.

सुमारे सहा वर्षांनंतरचा निकाल २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. स्मृतिभ्रंश जिंकोच्या गटात २७७ जणांना झाला, दुसऱ्या गटात २४६ जणांना. म्हणजे औषध घेणाऱ्यांत थोडे जास्तच! मग जिंको घातक म्हणायचं का? तसंही नाही. औषध निष्प्रभ असतानाही निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता २१ टक्के निघाली. ती ५ टक्क्यांपेक्षा कमी असेल, तरच शून्य गृहीतक नाकारण्याचा रिवाज आहे. म्हणून निष्कर्ष एवढाच, की जिंकोने स्मृतिभ्रंश टळतो याचा पुरावा मिळाला नाही.

पुढच्या वेळी दुकानदार बाटली पुढे करेल, तेव्हा विचारा: तुलना कोणाशी केली? किती जणांवर? किती काळ? "माझ्या मेहुण्याला गुण आला" हे उत्तर पुरेसं नाही.

आणि घरातलं वडीलधारं माणूस अचानक विसरू लागलं, तर बाटलीवर महिने घालवू नका. थायरॉईडचा बिघाड, बी-१२ची कमतरता किंवा नैराश्य यांमुळेही विसर पडतो, आणि त्यावर उपचार आहेत. आधी डॉक्टरांना दाखवा.