झाशीची नेमप्लेट, बारामतीची नळी

झाशीला मावशीकडे गेलं की किल्ल्याची चढण ठरलेली. यंदा त्याआधी सिपरी बाजार झाला, कारण मावसभावाच्या नव्या घराची नेमप्लेट करून घ्यायची होती. दुकान जेमतेम दहा बाय बारा आणि निम्मी जागा आईस्क्रीमच्या फ्रीजएवढ्या एका यंत्रानं अडवलेली. दुकानातल्या पोरानं अ‍ॅक्रिलिकचा तुकडा जाळीवर ठेवला, झाकण ओढलं, बटण दाबलं. घुर्रर्र आवाज सुरू झाला आणि वितळत्या अ‍ॅक्रिलिकचा तो गोडसर, नाकात चढणारा वास आला. यंत्राच्या मागच्या कप्प्याला एक छोटी काच होती. तिथून डोकावलं तर माझ्या छातीपर्यंत उंच भरेल एवढी लांब काचेची नळी आडवी झोपलेली, आणि तिच्या पोटात जांभळट-गुलाबी उजेड फडफडत होता.

ही नळी म्हणजे कार्बन डायऑक्साइड लेझर. पंचा फाडावा तसं प्लायवुड फाडणाऱ्या या उजेडाचा शोध लावणारा माणूस जन्मला बारामतीत!

चंद्रकुमार नारणभाई पटेल. जन्म २ जुलै १९३८. आडनाव गुजराती, जन्मगाव बारामती, इंजिनिअरिंग पुण्याचं. अमेरिकेत कागदोपत्री सी. के. एन. पटेल, लोकांच्या तोंडी कुमार पटेल. लेझरच्या दुनियेत हे नाव ठाऊक नाही असा माणूस विरळा. आपल्याकडे मात्र बारामती म्हटलं की ऊस आठवतो, राजकारण आठवतं. लेझर कुणालाच आठवत नाही. हे मला मनापासून खटकतं, म्हणून हा गमतींचा गुच्छ.

संगमावरून सुटलेली गाडी

पुण्यात मुळा-मुठेच्या संगमाजवळचं सीओईपी, म्हणजे कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग. १९५८ साली पटेल तिथून टेलिकम्युनिकेशनची पदवी घेऊन बाहेर पडले, तेव्हा विशी नुकतीच लागत होती. पुढच्याच वर्षी स्टॅनफर्डची एम.एस., १९६१ मध्ये तिथलीच पीएच.डी. आणि त्याच वर्षी न्यू जर्सीत मरे हिलच्या बेल लॅब्जमध्ये नोकरी. तीन वर्षांत पुणे ते मरे हिल!

वेळही अशी साधली की पत्रिका जुळावी. जगातला पहिला लेझर थिओडोर मेमननं १९६० मध्ये पेटवला होता. त्याच वर्षाच्या डिसेंबरात बेल लॅब्जमध्ये अली जवान आणि सहकाऱ्यांनी वायूवर चालणारा पहिला लेझर केला, हेलियम-निऑनचा. म्हणजे पटेल दाखल झाले तेव्हा या भट्टीला जेमतेम वर्ष झालं होतं.

आणि ही बेल लॅब्ज कोणाची? टेलिफोन कंपनीची! १९४७ साली ट्रान्झिस्टर इथेच जन्मला. फोन जोडून देणाऱ्या कंपनीच्या पैशावर माणसं रेणू कसे थरथरतात याचा अभ्यास करत बसत. विद्यापीठातलं संशोधन आणि कारखान्यातलं संशोधन यांच्यात आपण जी भिंत बांधतो, ती तिथं नव्हतीच. पटेलांची पुढची सगळी वाटचाल या एका गोष्टीतून उलगडते.

नायट्रोजनचा खो

आता खरी मजा. तोवरचे वायूचे लेझर बहुतेक अणूंवर चालत. अणूतला इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवर चढवायचा, मग खाली उतरताना तो उजेड देतो. अडचण अशी की ही उडी लेझरच्या कामाची, पण चढण फार उंच. सातव्या मजल्यावर पाणी चढवायचं आणि नळ सहाव्यावरच सोडायचा, बाकीचं पाणी वायाच. हेलियम-निऑनमध्ये दिलेल्या विजेतला हजारातला एक भागसुद्धा उजेड होऊन बाहेर पडत नाही.

पटेलांनी इलेक्ट्रॉनचा नाद सोडला आणि रेणूच्या थरथरीकडे पाहिलं. कार्बन डायऑक्साइडचा रेणू म्हणजे एका ओळीत तीन मणी, मधे कार्बन, दोन्ही कडांना ऑक्सिजन. हे मणी लांब-जवळ होतात, वाकतात, एकाच बाजूला झुलतात. या थरथरीच्या पातळ्या तळमजल्याला लागूनच असतात. चढायला थोडंच, त्यामुळे वाया जायलाही थोडंच. १९६३ मध्ये नळी पेटली, १९६४ मध्ये निबंध छापून आला. पटेल तेव्हा पंचविशीत होते.

पण पहिला झोत अगदीच लाजरा, एक मिलिवॅटच्या घरातला. आज पोरं मांजराला खेळवतात त्या लाल टॉर्चच्या तोडीचा! मग पटेलांनी नायट्रोजन मिसळला आणि गाडी मिलिवॅटवरून वॅटवर आली.

नायट्रोजन काय करतो? तो रेणू एकदा थरथरू लागला की स्वतः उजेड टाकून मोकळा होऊ शकत नाही. ऊर्जा पोटात धरून ताटकळत बसतो. योगायोग असा की त्याची थरथर आणि कार्बन डायऑक्साइडची झुलती थरथर जवळजवळ एकाच मापाची. धक्का लागला की नायट्रोजन खो देतो आणि कार्बन डायऑक्साइड उठून पळतो. पटेलांनी हे नुसतं कागदावर मांडलं नाही. एका नळीत फक्त नायट्रोजनला विजेचा झटका दिला, तो वायू दुसऱ्या कप्प्यात वाहू दिला, जिथे कार्बन डायऑक्साइड होता. विजेचा स्पर्शही नसलेला कार्बन डायऑक्साइड उजळला. खो कुणी दिला, याचा यापेक्षा चोख पुरावा काय असणार! हा प्रयोग वाचताना मला दरवेळी नव्यानं आनंद होतो.

पुढे हेलियम आला. त्याचं काम थकलेल्या रेणूंना लवकर खाली बसवायचं आणि वायू थंड ठेवायचं. शंभर वॅटची शीव ओलांडायला मग फार वर्षं लागली नाहीत. झाशीच्या त्या नळीत आजही हेच त्रिकूट आहे.

जेम्स बाँडची फसवणूक

१९६४ मध्येच ‘गोल्डफिंगर’ पडद्यावर आला. सोन्याच्या टेबलावर बांधलेला बाँड आणि पायांच्या मधून वर सरकणारा लेझर. तेव्हा धातू असा कापणारा लेझर चित्रीकरणासाठी मिळण्यासारखा नव्हताच. टेबलाच्या खाली एक माणूस गॅस कटर घेऊन बसला होता आणि खालून टेबल कापत होता. लाल रेघ नंतर चढवली. खरंखुरं कापू शकणाऱ्या घराण्याची नळी त्याच वर्षी पटेलांच्या निबंधातून जगासमोर येत होती.

आणि बाँडपटातली चूक आजही चालूच आहे. या लेझरचा किरण लाल नसतो, तो दिसतच नाही. त्याची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन, डोळ्याला दिसणाऱ्या लाल रंगाच्या पंधरा-सोळा पट. दुकानात कापायच्या जागी जो लाल ठिपका फिरतो तो निव्वळ वाटाड्या, वेगळ्या छोट्या लेझरचा. नळीत दिसतो तो जांभळा उजेडही कापत नाही. कापणारा वेगळाच, अदृश्य.

हळदी रंगाचं भिंग

पोरानं कापणारा गाडा उघडून दाखवला. आत अठन्नीएवढं भिंग, रंग हळदीसारखा पिवळाधमक. साधी काच इथं चालत नाही, कारण १०.६ मायक्रॉनच्या उजेडाला खिडकीची काच म्हणजे भिंतच. म्हणून झिंक सेलेनाइडचं भिंग. ते पोर रोज संध्याकाळी स्पिरिट लावलेल्या कापसानं पुसतं. धूर बसला तर भिंग तापून तडकतं.

आणखी एक चमत्कार सांगतो. माणसाचं अंगही उष्णतेचे किरण टाकत असतं आणि त्यांचा जोर साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास सगळ्यात जास्त असतो. म्हणजे पोलाद कापणारा हा उजेड जातीनं आईच्या कुशीतल्या उबेचा सख्खा भाऊ!

हाच गुण डॉक्टरांच्या कामी आला. पाणी हा उजेड झटकन गिळतं आणि आपलं शरीर बहुतेक पाणीच. त्यामुळे किरण कातडीत खोल न घुसता वरचा पापुद्रा उडवतो आणि बारीक रक्तवाहिन्या जाता जाता बंद करतो. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला बोस्टनच्या शल्यविशारदांनी तो घशातल्या स्वरयंत्रावर चालवला. आवाजाच्या पट्ट्यांसारख्या नाजूक जागी रक्ताचा थेंब न सांडता काम करायचं म्हणजे काय, हे गाणाऱ्या माणसाला विचारावं.

तुमच्या अंगावर, तुमच्या खिशात

जीन्सच्या मांडीवरचा तो मुद्दाम विटवलेला पट्टा कित्येकदा या लेझरनं केलेला असतो. पूर्वी त्यासाठी वाळूचा फवारा मारत आणि फुप्फुसात वाळू जाऊन कामगारांना सिलिकोसिस होई. तुर्कस्ताननं २००९ मध्ये त्या पद्धतीवर बंदी घातली. फॅशनसाठी कुणाचा श्वास जाऊ नये, एवढ्यासाठी तरी या नळीचे आभार मानावेत.

खिशातला फोन आणखी पुढचा. आजच्या सर्वांत बारीक नक्षीच्या चिपा ज्या यंत्रांत छापतात, त्यांत कथलाचे थेंब पडत असतात, केसाहून बारीक, सेकंदाला पन्नास हजार. प्रत्येक थेंबाला शक्तिशाली कार्बन डायऑक्साइड लेझर गाठून ठोकतो. थेंबाचा तप्त प्लाझ्मा होतो आणि १३.५ नॅनोमीटरचा उजेड फुटतो. त्या उजेडानं चिपेवरची नक्षी उमटते.

फुग्यात बसलेला लेझर

एवढा शोध लावल्यावर दुसरा कुणी त्यावरच आयुष्य काढतो. पटेल थांबले नाहीत. त्यांना असा लेझर हवा होता ज्याचा ‘रंग’ रेडिओच्या खुंटीसारखा फिरवता येईल. १९७० मध्ये तो केला: इंडियम अँटिमनाइडचा अतिथंड स्फटिक, भोवती चुंबक. चुंबकाचा जोर बदलला की उजेडाची तरंगलांबी बदलते.

मग ही नाजूक वस्तू त्यांनी चक्क फुग्याला बांधून टेक्सासमधून सुमारे २८ किलोमीटर उंच सोडली! ओझोनला खाणारा नायट्रिक ऑक्साइड तिथं किती, हे मोजायचं होतं, कारण आवाजाहून वेगवान विमानांच्या धुरानं ओझोन विरेल की काय, ही त्या काळची मोठी धास्ती होती. सूर्य उगवण्याआधी हा वायू सापडेनासा, आणि दिवस चढला की वाढलेला. सूर्यप्रकाश त्याला घडवतो, हे आकाशात जाऊन मोजलं. १९७४ मध्ये हे निष्कर्ष छापून आले.

१९७९ मध्ये अँड्र्यू टॅम यांच्याबरोबर त्यांनी पाण्याचा आवाज ऐकला. लेझरचा झटका पाण्यातून गेला की पाणी किंचित तापतं, फुगतं, दाबाची लाट उठते, ती टिपायची. त्यातून पाणी कुठला रंग किती गिळतं हे कधी नव्हे इतकं बारकाईनं कळलं. उजेडातून आवाज निघतो हे १८८० मध्ये प्रथम पाहणारा कोण? अलेक्झांडर ग्रॅहम बेल, ज्याच्या नावाच्या प्रयोगशाळेत पटेल बसले होते.

बासष्टाव्या वर्षी कंपनी

बत्तीस वर्षं बेल लॅब्ज. १९९३ मध्ये तिथून लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात संशोधन विभागाचे व्हाइस चान्सलर, १९९९ पर्यंत. मधल्या काळात, १९९५ मध्ये, अमेरिकन फिजिकल सोसायटीचं अध्यक्षपद. १९९६ मध्ये नॅशनल मेडल ऑफ सायन्स, अमेरिकेचा विज्ञानातला सर्वोच्च राष्ट्रीय मान. आणि लोक पेन्शनचा हिशेब मांडतात त्या वयात, २००० साली, कॅलिफोर्नियात स्वतःची कंपनी: प्रानालिटिका. नावात ‘प्राण’ ऐकू येतो ना? हवेतले कणभर वायू लेझरनं हुडकायचे, ही तिची सुरुवात.

पुढे कंपनी क्वांटम कॅस्केड लेझरकडे वळली. हा लेझर पहिल्यांदा चालला १९९४ मध्ये, बेल लॅब्जमध्येच, पटेल तिथून गेल्याच्या दुसऱ्या वर्षी. मीटरभर नळीचं काम तांदळाच्या दाण्याहून लहान स्फटिकावर आलं. पण प्रश्न पहिल्या दिवसाचाच राहिला: उष्णतेचा उजेड आणि रेणूची थरथर यांचं नेमकं काय नातं आहे? कंपनीची प्रयोगशाळा, विद्यापीठ, स्वतःचा कारखाना. खुर्च्या बदलल्या, माणूस एकाच प्रश्नाजवळ बसून राहिला.

मंगळावरचा झोत

१९८१ मध्ये नासाच्या संशोधकांनी जाहीर केलं की मंगळाच्या वरच्या हवेत, जिथं ९५ टक्के कार्बन डायऑक्साइडच आहे, हाच लेझर आपोआप चालू असतो. विजेऐवजी ऊन, आरसा नाही, नळी नाही. दहा मायक्रॉनच्या त्याच पट्ट्यात. पटेलांनी जे मरे हिलमध्ये जुळवलं ते मंगळ केव्हापासून करत होता.

हे सगळं मी त्या पोराला माझ्या मोडक्या हिंदीत सांगत होतो तोवर प्लेट झाली. त्यानं वरचा खाकी कागद सोलला. कापलेली कड काचेसारखी तुळतुळीत, घासायची गरजच नाही.

“बारामती किधर है, भैया?”

“पूना के पास.”

त्यानं मान डोलावली आणि नळीकडे बोट केलं. “एक बात बताइए. साल-दो साल में ट्यूब कमज़ोर क्यों पड़ जाती है? गैस तो बंद है, कहीं जाती नहीं.”

म्हटलं, जात नाही, पण मोडते. विजेच्या माऱ्यानं कार्बन डायऑक्साइडचा एक ऑक्सिजन सुटतो, कार्बन मोनॉक्साइड उरतो. हळूहळू मिश्रणच बिघडतं.

तो थोडा वेळ नळीकडे बघत राहिला.

“अच्छा. मतलब पिछली बार पानी के पंप की गलती नहीं थी. हमने बेकार में बदलवा दिया.”