अण्णांच्या पेटीतला भुंगा

आमच्या थोरल्या बंधूंना, म्हणजे अण्णांना, हवाईयन गिटारचा विलक्षण नाद. व्हॅन शिप्ले यांच्या रेकॉर्डी ऐकून ऐकून त्यांनी हात बसवला आणि १९६६ साली पै-पै साठवून मुंबईहून व्हॉल्व्हचा अँप्लिफायर आणला. घरात तिचे नाव ‘पेटी’.

अण्णा गेल्यावर पेटी माळ्यावर गेली. गेल्या श्रावणात वहिनींचा फोन आला, “भावोजी, ह्यांची पेटी नातीला हवी आहे. पण लावली की आत भुंगा गुणगुणतो. दुकानदार म्हणतो, भंगारात द्या. तुम्ही एकदा बघा.”

तरुणपणी मी रेडिओदुरुस्तीचा कोर्स केला होता. पोट भरले बँकेत, पण कोर्सचा अभिमान अजून आहे! हत्यारे घेऊन गेलो.

भुंगा धरायचा तर आधी तो कुठे बसला आहे ते पाहावे लागते. गिटारची वायर काढली, आवाजाची खुंटी शून्यावर आणली. गुणगुण कायम. म्हणजे गिटारचा दोष नव्हे. वीज बंद करून, व्हॉल्व्ह निवू देऊन, पहिला छोटा ईसीसी ८३ उपटला आणि पुन्हा सुरू केले. तरीही कायम! म्हणजे चोर ओसरीवर नाही, माजघरात.

मग वहिनींची पायपेटी उघडली. आपल्या घरातली वीज सेकंदाला ५० आवर्तने घेते. व्हॉल्व्हसाठी ती एकदिश केली की तिच्यात सेकंदाला १०० लाटा उरतात. भुंग्याचा सूर खर्जातल्या पांढरी पाचशी जवळजवळ जुळला. ती पट्टी शंभराच्या जरा खाली बोलते. गुन्हेगार सापडला. या लाटा शांत करायचे काम मोठ्या कंडेन्सरचे. त्याच्या पोटातला ओलावा वर्षानुवर्षांत सुकतो, मग तो नुसता नावाला उरतो.

इथे एक गोष्ट घरोघरच्या हौशी मंडळींना हात जोडून सांगतो. प्लग काढला म्हणजे पेटी निर्धोक झाली असे समजू नका. कंडेन्सरमध्ये तीनशे-तीनशे व्होल्ट दबा धरून बसलेले असतात. मी रेझिस्टर लावून ते उतरवले, मीटरने शून्य पाहिले आणि मगच बोट घातले. तेही एकच हात आत, दुसरा पाठीमागे. नवा कंडेन्सर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळाला.

तो बसवण्यासाठी चासी उलटी केली आणि माझा हात थांबला. तीन पिनांच्या प्लगमधून आलेली अर्थची हिरवी वायर चासीला जोडलेलीच नव्हती. ती कापून, टोकाला काळी पट्टी गुंडाळून बाजूला दडपली होती. पट्टीवर दोऱ्याची गाठ. अशी गाठ मीच मारत असे.

सारे आठवले. १९६९ चा गणेशोत्सव. मंडपात अण्णांची पेटी लाउडस्पीकरच्या सेटला जोडली आणि प्रचंड घूं सुरू झाले. दोन्ही यंत्रांना आपापली अर्थ. दोन वाटांनी जमिनीशी नाते जुळले की त्या फेऱ्यात भुंगा शिरतो. मी, वय वर्षे एकवीस, कात्री चालवली. आवाज गप्प! लोकांनी पाठ थोपटली, अण्णांनी कौतुकाने बासुंदी पाजली. उत्सवानंतर वायर परत जोडायची होती. राहिली.

अर्थ नसताना ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फाटले तर २३० व्होल्ट थेट चासीवर येतात. चासीतून गिटारच्या तारांवर, आणि तारांवरून वाजवणाऱ्याच्या पोलादी दांडीच्या हातात. त्या यमाच्या फासात अण्णा पुढे चाळीस वर्षे वाजवत होते. आणि आता नात, वय वर्षे बारा.

कंडेन्सर नंतर बदलला. आधी ती वायर नव्याने आणून, चासीचा रंग खरवडून, वेगळ्या स्क्रूखाली आवळली. मीटरने पिनेपासून चासीपर्यंत तपासली. दोनदा. शेजारी जुन्या चोकची ट्यूबलाईट होती, तीही बंद करायला लावली, कारण गिटारचा पिकअप तिचीही कुरकुर उचलतो. आता भुंगा पार गेला म्हणणार नाही. कान लावला तर अगदी बारीक ऐकू येतो. एवढा व्हॉल्व्हच्या यंत्रात असायचाच.

नातीने तार छेडली. वहिनी दारात उभ्या होत्या. मी वायरची हकीकत सांगून टाकली, सगळी, कात्रीसकट.

वहिनी जरा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “तरीच! अनवाणी शहाबादी फरशीवर बसून वाजवायचे, तेव्हा म्हणायचे, बोटांना मुंग्या येतात. आम्हांला वाटे, रियाज फार झाला.”

मी स्क्रूड्रायव्हर उचलला आणि आवळलेलाच स्क्रू पुन्हा आवळत बसलो.