खाडी, घाट आणि कसबे कल्याण

कल्याणच्या दुर्गाडी किल्ल्याच्या बुरुजापाशी उभे राहून खाडीकडे पाहिले असता, राजमाचीच्या परिसरात उगम पावून कर्जत-बदलापूरवरून आलेली आणि वाटेत काळू-भातसेचे पाणी घेतलेली उल्हास नदी येथे समुद्राच्या भरतीला सामोरी जाताना दिसते. कल्याणच्या दोन सहस्र वर्षांच्या इतिहासाचे मर्म या एका दृश्यात आहे. गलबते जिथवर निर्वेध चढून येऊ शकत आणि नाणेघाट, थळघाट, बोरघाट उतरून आलेले बैलांचे तांडे जिथे खाडीच्या पाण्याला भिडत, तिथे बाजारपेठ वसणे हे कोणा राजाच्या मर्जीवर अवलंबून नव्हते. ते भूगोलानेच ठरवून ठेवले होते.

कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत कल्याणच्या रहिवाशांनी दिलेल्या दानांची नोंद आहे. मला विशेष वाटते ते याचे, की या दात्यांत धनाढ्य व्यापाऱ्यांच्या जोडीला सोनारासारखे कारागीरही आहेत. अर्थात येथील संपत्ती केवळ सावकारांच्या पेढीवर अडलेली नव्हती. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात हे बंदर ‘कल्लिएना’ या नावाने येते, आणि राजकीय चुरशीमुळे येथे येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असेही त्यात म्हटले आहे. सहाव्या शतकातील प्रवासी कॉस्मस याने येथील ख्रिस्ती धर्मगुरूंचा उल्लेख केला आहे.

पुढे निजामशाही, आदिलशाही, मोगलाई असे अंमल बदलत गेले, तरी कल्याणची जकात आणि कल्याणचा सुभा यांचे मोल कोणालाच नाकारता आले नाही. 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि या खाडीच्या काठी मराठी आरमाराचा पाया घातला. डोंगरी मुलखातल्या राज्यकर्त्याने समुद्राचे महत्त्व जाणावे, ही त्या शतकातील असामान्य दूरदृष्टी होय. पेशवाईत सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकर यांचा कारभार येथून चाले. त्या काळाची आठवण सुभेदार वाड्याच्या नावाने कल्याणकरांच्या तोंडी अजून आहे.

मुंबई-ठाणे आगगाडी 1853 साली सुरू झाली व पुढच्याच वर्षी, मे 1854 मध्ये, ती कल्याणला पोहोचली. येथून एक फाटा कसाऱ्याकडे थळघाटाच्या दिशेने आणि दुसरा कर्जतकडे बोरघाटाच्या दिशेने गेला. इंग्रज इंजिनिअरांनी रूळ टाकले, पण ते बैलांच्या जुन्या वाटांच्याच दिशेने! बंदराचे जंक्शन झाले, तरी व्यवसाय तोच राहिला: घाटावरचे आणि किनाऱ्यावरचे यांची गाठ घालून देणे. 1855 साली येथे नगरपालिका स्थापन झाली, आणि 1864 पासून सार्वजनिक वाचनालय या गावात नांदते आहे.

1 ऑक्टोबर 1983 रोजी कल्याण, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर आणि भोवतालची मौजे एकत्र करून महानगरपालिका निर्माण करण्यात आली. 1992 साली अंबरनाथ व बदलापूर पुन्हा वेगळी झाली. हद्दीचा नकाशा असा सरकारी ठरावांनी बदलतो. पाण्याचा नकाशा मात्र ठराव मानत नाही. जुलै 2005 मधील महापुराने सखल वस्त्यांत शिरून ही गोष्ट कठोरपणे सिद्ध केली. उल्हास आणि वालधुनी या नद्यांच्या पात्रांत भराव टाकून आणि सांडपाणी सोडून, ज्या खाडीने हे नगर घडविले तिच्याकडेच आपण पाठ फिरविली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कल्याणकरांनी आपल्या मुलांना एकदा भरतीच्या वेळी दुर्गाडीवर न्यावे, आणि हे चढणारे पाणी वसईकडून येते, इतके तरी त्यांना दाखवावे.